डावीकडच्या पानावरचं वाक्य

युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवर बसनं असा काही गचका दिला, की लुवीनिया मोझलीच्या मांडीवरचं जाडजूड पुस्तक उडालं आणि पुढच्या बाकाखाली जाऊन पडलं. पडल्याचं तिला काही वाटलं नाही. ते पडायच्याच लायकीचं होतं. पण एका हातानं टोपी सांभाळत, वाकून ते ओढून घेताना तिच्या लक्षात आलं, की खुणेसाठी घातलेला कागदाचा कपटा आत नाही. तिनं बाकाखाली पाहिलं, शेजारच्या बाईच्या पिशवीमागे पाहिलं. कपटा गेला तो गेलाच.  चार वाजता सभा होती, आणि त्या सभेत उभं राहून तिला या पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवायचं होतं. एकच वाक्य. परवा लायब्ररीतून ही जुनी आवृत्ती आणली तेव्हा तिनं ते कसंबसं शोधलं, तिथं कपटा खुपसला आणि पुस्तक मिटून टाकलं. मागेपुढे एक ओळ वाचली नाही. त्या आवृत्तीला पस्तीसेक वर्षांत तिनं हात लावला नव्हता आणि जरुरीपेक्षा जास्त लावायची तिची इच्छाही नव्हती. आता अकराशे पानांत ते वाक्य पुन्हा हुडकायचं! डावीकडचं पान, अगदी तळाशी, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटले तरी ते वाक्य तिला तिथंच दिसे.

शहरातल्या शाळांत अमेरिकेच्या इतिहासाचं कोणतं पुस्तक चालवायचं हे ठरवणाऱ्या समितीवर ती गेल्या वर्षीच आली होती. टॅक्सी कंपनीत वायरलेसवर बसून गाड्या पाठवणारी बाई तिथं पोचली ती या वाक्याच्याच जोरावर. एकोणीसशे सदतीस साली, पंधरा वर्षांची असताना, वर्गात एकेकाला उभं करून वाचायला लावत असत. आणि ते वाक्य नेमकं तिच्या वाट्याला आलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. ती खाली बसली. ही हकीगत तिनं चर्चच्या दिवाणखान्यात सांगितली होती, ग्लेनव्हिलच्या काळ्या वस्तीतल्या पालकांच्या बैठकीत सांगितली होती, आणि दर वेळी ‘मी खाली बसले’ या शब्दांनंतर जी शांतता पसरे तिची तिला आता सवय झाली होती. रॉडरिक यान्सीनं ती ऐकली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रॉडरिक ग्लेनव्हिलच्या शाळेत इतिहास शिकवायचा. तिशीही उलटली नव्हती, पण अर्धा मोहल्ला त्याच्या शब्दावर उठायचा. हे पुस्तक शाळांतून काढावं म्हणून त्यानंच अर्जावर सह्या गोळा केल्या, त्यानंच पर्याय शोधला. “मिस लुवीनिया,” तो काल फोनवर म्हणाला होता, “तुम्ही फक्त ते एक वाक्य वाचा. बाकी सगळं मी बघतो. विरोधातले म्हणतील, आता नव्या आवृत्तीत ते नाही. म्हणू देत. घर तेच आहे, रंग तेवढा नवा दिलाय.”

तिलाही ते पटलं होतं. पर्याय म्हणजे एक सुंदर खोकं होतं. त्यात तीस पातळ पुस्तिका, दर पुस्तिकेला वेगळा रंग. रेल्वेची एक, कापडगिरण्यांची एक, बायकांच्या चळवळीची एक, गुलामगिरीची एक. छायाचित्रं अशी, की बघत राहावं. गुलामगिरीची पुस्तिका तिनं बसल्या बैठकीला वाचून काढली, आणि तिला खोट काढायला जागा सापडली नाही. सगळं खरं होतं, नेकीनं लिहिलेलं. वाचून झाल्यावर तिनं ती खोक्यात ठेवली, आणि मग बराच वेळ आपल्याला काहीतरी करायचं होतं, ते काय बरं, असं तिला होत राहिलं. शेवटी बशा धुवायच्या असतील, असं म्हणून ती उठली होती.

बस धावत होती. तिनं हातमोजे काढले आणि पानं उलटायला लागली. जुन्या कागदाचा, किंचित गोडसर वास आला. कालवे. हे आधीचं की नंतरचं? एका बाजूला खेचरं, त्यांच्या मागे दोर, दोराला होडी. न्यूयॉर्कनं इरीचा कालवा खणला आणि गहू बफेलोहून समुद्राला पोचवायचा खर्च कुठल्या कुठं आला. म्हणून ओहायोनंही खणला. म्हणून सरोवराच्या काठावरचं एक दलदलीचं गाव बंदर झालं. गावाचं नाव क्लीव्हलंड. लुवीनियाची नजर त्या नावावर थबकली. अर्ध्या ओळीत होतं ते, स्वल्पविरामाच्या आड. आणि एकदम, खिडकी उघडून वारं आत यावं तसं, तिला पंधराव्या वर्षीचं तिचं बोट आठवलं, नखाशी शाई लागलेलं, याच नावावर टेकलेलं. आपण यात आहोत! आपलं गाव यात आहे! तेव्हा तिनं शेजारच्या मुलीला ढोसून ते दाखवलं होतं. ही आठवण कुठं होती इतके दिवस? तिनं पान उलटलं. वाक्य शोधायचं होतं, पण डोळे ओळ सोडायला तयार होईनात. पश्चिमेकडचा गहू स्वस्त झाला तशी पूर्वेकडची शेतं ओस पडली, तिथल्या पोरी गिरण्यांत आल्या. गिरण्यांना कापूस हवा. कापसाला जमीन हवी, जमिनीसाठी तिथल्या मूळच्या लोकांना हुसकायला हवं, आणि कापूस वेचायला हात हवेत. त्यासाठी बँकांनी कर्जं दिली, मग भाव चढले, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लोकांनी पिठाची कोठारं फोडली, मग बँका बुडाल्या. एकाला धक्का लागला की दहा हलत होते. तिला तिचा वायरलेस आठवला. किन्समन रोडवर एक गाडी बंद पडली की विमानतळावरच्या माणसाला उशीर का होतो, हे नव्या ड्रायव्हरला कधी कळत नाही. तिला कळायचं, कारण सगळं शहर तिच्यासमोर एकाच वेळी असायचं. तिचा श्वास थोडा भरभर चालला होता. शेजारची बाई उतरली, तिच्या जागी एक म्हातारा येऊन बसला, त्यानं खाकरून घसा साफ केला, हे सगळं तिला कळत होतं आणि कळत नव्हतं.

आणि मग ते आलं. डावीकडचं पान, तळाशी. ‘एकंदरीत पाहता गुलाम आपल्या परिस्थितीत समाधानी होता, तो गात असे, नाचत असे, आणि उद्याची चिंता मालकावर सोपवून निर्धास्त झोपत असे.’ शब्द न् शब्द तोच. तिच्या कानशिलांत तीच जुनी आग उसळली. म्हणजे आठवणीनं दगा दिला नव्हता. पुस्तक होतं तितकंच नालायक होतं. दोन प्राध्यापकांनी, चष्मे पुसून, ऊबदार खोलीत बसून हे लिहिलं होतं. आता इथं बोट ठेवायचं, पुस्तक मिटायचं आणि खाली उतरेपर्यंत बोट काढायचं नाही. इतकं सोपं होतं. पण वाक्य पानाच्या तळाशी होतं आणि पान तिथं संपत होतं. उजवीकडे पुढचं सुरू होत होतं, आणि आतापर्यंतच्या वेगानं डोळे आपोआप तिकडे घसरले. कापसाच्या गाठींचा तक्ता. टेक्सस. मेक्सिकोशी लढाई. जिंकलेल्या मुलखाचं काय करायचं यावरून रण. तडजोड. आणि तडजोडीचा भाग म्हणून अठराशे पन्नास सालचा एक कायदा, पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा. आसरा देणाऱ्याला दंड आणि तुरुंग. पकडायला मदत करण्याची सक्ती, रस्त्यावरच्या कुणावरही. निवाडा करणाऱ्याला, माणूस गुलाम ठरला तर दहा डॉलर, मोकळा ठरला तर पाच. हे सगळं त्याच शांत, चष्मा पुसलेल्या सुरात. लुवीनियानं पान मागे उलटलं. समाधानी होता. पान पुढे उलटलं. पकडून परत पाठवण्याचा कायदा. मागे. पुढे. तिच्या हातांना ही हालचाल ओळखीची होती. तिच्या आधी तिच्या हातांनाच आठवलं.

स्वयंपाकघर. पंचावन्नाव्या रस्त्याच्या मागच्या अंगाचं ते भाड्याचं घर, टेबलावरचं फाटकं मेणकापड, आणि वडील खुर्चीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय घमेल्यातल्या कोमट मिठाच्या पाण्यात. ते ओतकामाच्या कारखान्यात होते आणि त्या हिवाळ्यात आठवड्यातून तीनच दिवस काम मिळत होतं. अलाबामातून आलेला माणूस. सही करता यायची, त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. त्या दिवशी ती शाळेतून आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी, आणि तिनं पुस्तक टेबलावर आपटलं.

“काय लिहिलंय? वाच,” वडील म्हणाले.

तिनं वाचलं.

“समाधानी? पुन्हा वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. आणि वडील हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग पाण्याच्या घमेल्यासकट गदगदा. “माझी आजी समाधानी होती म्हणे! तिच्या पाठीवरून हात फिरवला असतास पोरी, तर कळलं असतं समाधान कसं खडबडीत असतं ते.” हसता हसता त्यांना ठसका लागला. आई इस्त्री करत होती, ती म्हणाली, “हसताय काय? जाळा ते पुस्तक.”

“बंद करू, डॅडी?”

“बंद कशाला?” त्यांनी डोळे पुसले. “गडी एक थाप मारून बसलाय. आता पुढं ती सांभाळताना त्याच्या नाकी किती नऊ येतात ते बघू या की. चल, वाच पुढं.”

आणि तिनं वाचलं होतं. त्या संध्याकाळी, दुसऱ्या संध्याकाळी, जवळजवळ सगळा हिवाळा. देवा, हे कसं विसरले मी! वडील कामावरून आले की विचारायचे, “आज कुठवर आलाय तुझा प्राध्यापक?” जणू गावातला कुणी उधळ्या भाऊबंद. टेक्ससच्या वेळी ते म्हणाले होते, “हां, जमीन संपली असणार. कापूस जमीन खातो, मला विचार.” आणि दोन पानांनी प्राध्यापकानं तेच म्हटलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली होती, पैज जिंकल्यासारखी. पुस्तकातला माणूस चुकला की ते खूश, बरोबर आला की दुप्पट खूश. मग तो कायदा आला. ती वाचत होती आणि तिचा आवाज हळू होत गेला, आणि वडील उठून उभे राहिले, घमेल्यात, पाणी सगळ्या फरशीवर.

“थांब! समाधानी माणूस पळतो कशाला? आणि पळतच नव्हता, तर हा एवढा मोठा कायदा कुणासाठी केला? डासांसाठी?”

“फरशी ओली केलीत!” आई ओरडली.

“अगं, राहू दे फरशी! सापडला! ह्याच्याच पुस्तकात हा सापडला!”

की हे आधी लुवीनियाच म्हणाली होती? तिला ठरवता येईना. बहुधा दोघांच्या तोंडून एकदमच निघालं असणार, कारण मग दोघंही पाण्यात उभे राहून पान मागे-पुढे उलटत होते, तिचे मोजे भिजले होते, आणि तिची छाती अशी धडधडत होती की पुढं कुठल्याच गोष्टीनं, लग्नानं नाही, मुलाच्या जन्मानं नाही, अगदी तशी धडधडली नाही. आणि ती छाती घेऊन सोमवारी तिनं वर्गात हात वर केला होता. हो, केला होता! ‘मी खाली बसले’ तिथं हकीगत संपली नव्हती. मिस लिंडक्विस्टनं, त्या उंच, नेहमी सर्दी झालेल्या बाईनं, कपाळाला आठ्या घालून विचारलं, “काय आहे, लुवीनिया?” आणि तिनं विचारलं, “बाई, ते समाधानी होते तर हा कायदा कशाला लागला?” कुणी हसलं नाही. मिस लिंडक्विस्टनं पुस्तक हातात घेतलं. पान मागे उलटलं, पुढे उलटलं. पुन्हा मागे. रुमालानं नाक पुसलं. “हे परीक्षेत येणार नाही,” ती म्हणाली. पण तास संपेपर्यंत तिनं पुस्तक खाली ठेवलं नाही, आणि तिला पुढचं शिकवणंही सुचलं नाही. लुवीनिया त्या दिवशी घरी चालत नव्हे, उड्या मारत गेली होती.

मग हा अर्धा भाग गेला कुठं? तिला एकदम चोरी झाल्यासारखं वाटलं, आणि चोर कोण ते कळेना. लोक पहिल्या अर्ध्यावर डोळे पुसायचे, म्हणून दुसरा सांगायची वेळच आली नाही, असं असेल. सांगता सांगता तिलाही तोच खरा वाटायला लागला असेल. जिच्यावर हसले ती पोर सगळ्यांना हवी होती. जिनं प्रश्न विचारला ती कुणीच मागितली नाही. लुवीनियाला घाम फुटला. उकाडा नव्हता, उघड्या खिडकीतून मे महिन्यातला सरोवरावरचा गार वारा येत होता.

“बाईसाहेब, पब्लिक स्क्वेअर. शेवटचा थांबा. पुढं मी जात नाही आणि बसही जात नाही.”

ड्रायव्हर मागे वळून बघत होता. बस रिकामी होती.

“सहावा रस्ता गेला?”

“गेला की केव्हाच. मी हाळी पण दिली. तुम्ही हसत होतात.”

“मी हसत होते?”

“मोठ्यानं. तो म्हातारा घाबरून उतरला.”

ती खाली उतरली आणि आल्या वाटेनं चालू लागली, मग जवळजवळ पळू लागली. पुस्तक छातीशी. एक बोट अजून त्या पानात अडकवलेलं होतं. टाचांचे बूट चावत होते, त्याचं तिला काही नव्हतं. डोकं असं पेटलं होतं की दुकानांच्या पाट्या, माणसं, सिग्नल सगळं फार स्वच्छ आणि जवळ दिसत होतं. खोक्यातली गुलामगिरीची पुस्तिका वाचून आपण बशा धुवायला का उठलो, ते तिला आता समजलं. त्या पुस्तिकेत खोटं काहीच नव्हतं, आणि कशावर काही आपटतही नव्हतं. कापूस एका रंगात, गिरण्या दुसऱ्या रंगात, कायदा तिसऱ्या. पोरानं हात वर करून विचारायचं काय? आणि या जाड्यानं, या उद्धट, फुगलेल्या जाड्यानं सगळं एका दमात सांगायचा हट्ट धरला होता. कोलंबसापासून थेट कालपर्यंत, काही सोडणार नाही म्हणून. मग थाप मारली की ती चार पानांनी त्याच्याच पायात यायची. आपल्या लोकांना त्यानं जिथं जिथं गाळलं होतं तिथं तिथं भोक दिसत होतं, कारण भोवतीचं कापड अखंड होतं. त्या भोकात वडिलांनी आपली आजी बसवली होती. नव्या आवृत्तीत ते वाक्य काढून तिथं चाळीस पानं घातलीत, ती तिनं चाळली होती. चांगली होती. त्यातही थापा असतीलच, आजच्या. त्या पकडायला पोरांना सगळा धागा हातात लागेल! सभेत हे कसं सांगावं, याचा विचारही तिनं केला नाही. सांगितल्याशिवाय राहवणार नव्हतंच.

ती पोचली तेव्हा सभा सुरू होऊन गेली होती. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष ब्रॉडहर्स्ट, निवृत्त शाळा-निरीक्षक, नव्या कशालाच चटकन हो न म्हणणारे. त्यांच्या शेजारी मिसेस साबो, बकाय रोडवरच्या हंगेरियन बेकरीवाली, ती सगळ्यात ब्रॉडहर्स्टबरोबर असायची. समोरचे दोघे तरुण सभासद खोक्याच्या बाजूचे. दोन आणि दोन. पाचवी लुवीनिया. श्रोत्यांच्या पहिल्या रांगेतून रॉडरिकनं सुटकेचा श्वास सोडला आणि डोळ्यांनी विचारलं, आणलंत ना? तिनं पुस्तक उंच करून दाखवलं.

“मिसेस मोझली, आम्ही तुमचीच वाट पाहत होतो,” ब्रॉडहर्स्ट म्हणाले. “आपल्याला काही वाचून दाखवायचं होतं.”

तिनं उभं राहून ते वाक्य वाचलं. धाप लागली होती, त्यामुळे ते तुटक तुटक आलं, आणि जास्तच भयंकर झालं. खोली गप्प झाली. तीच जुनी शांतता. रॉडरिक उठायला लागला. आता त्याची पाळी होती.

“बस रे, माझं झालं नाही,” ती म्हणाली. “आता पुढचं ऐका.” आणि तिनं कायदा वाचला. दंड, तुरुंग, दहा डॉलर आणि पाच डॉलर. मग तिनं सगळं सांगितलं, भलत्याच क्रमानं. आधी घमेल्यातलं पाणी, मग मिस लिंडक्विस्टचं नाक, मग कालवा, मग क्लीव्हलंडचा स्वल्पविराम. हात हवेत फिरत होते. “मला हे पुस्तक आवडत नाही. ऐकताय ना? मला याचा राग येतो! पण मला राग यायला इथं काहीतरी होतं. त्या खोक्याशी मी भांडू कशी? ते फार सभ्य आहे, ते माझ्या प्रत्येक शब्दाला हो म्हणतं. पोरांना हा जाड्या द्या. नवा द्या, आणि शिक्षकांनी हा जुनाही कपाटात ठेवावा. सबंध द्या, तुकडे करून नको. आणि पोरांना सांगा, याच्या चुका पकडा. खोकं हवं तर सोबत असू दे. पण मत विचाराल तर माझं मत जाड्याला!”

 मग ब्रॉडहर्स्टचा चेहरा उजळला. “मिसेस मोझली, मी तुमचा आभारी आहे. मी हेच म्हणत आलोय. जुन्या विद्वानांनी जे लिहून ठेवलंय त्याला तोड—”

“अहो, तुम्ही हे नाही म्हणत आलात,” ती कळवळून म्हणाली. “तुम्ही म्हणता ते बरोबर आहेत म्हणून ठेवा. मी म्हणतेय—”

“मिस लुवीनिया!” रॉडरिक उभा राहिला होता. त्याचा आवाज चिरकला. “तीन वर्षं! तीन वर्षं आपण दारोदार फिरलो. माझी पोरं हे पुस्तक उघडत नाहीत हो! डेस्कचा पाय हलतो म्हणून खाली लावतात. तुम्हाला तुमचे वडील होते. त्यांना कोण आहे?”

हा प्रश्न तिला आरपार गेला. “तू आहेस,” ती म्हणाली. पण ब्रॉडहर्स्टनी हातोडी आपटली होती, आणि तिचं तिलाही ते नीट ऐकू आलं नाही.

हात वर करायची वेळ आली. पुस्तक ठेवावं असं म्हणणारे? ब्रॉडहर्स्टचा हात. लुवीनियाचा हात. सगळ्यांनी मिसेस साबोकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

“माझी तिन्ही मुलं हेच पुस्तक शिकली,” ती म्हणाली. “मी त्यांना कव्हरं घालून दिली. हे वाक्य त्यात होतं, हे मला ठाऊक नव्हतं. या बाईनं वाचलं, आणि... नाही. माझा हात नाही वर होणार. खोकं आणा.”

“अहो, पण मी तुम्हाला पुढचंही वाचून दाखवलं ना!” लुवीनिया म्हणाली.

“दाखवलंत. पण मला पहिलंच ऐकू येतंय,” मिसेस साबो म्हणाली आणि पर्समधून रुमाल काढला.

तीन विरुद्ध दोन. खोकं जिंकलं.

बाहेर आली तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. हरले, असं ती स्वतःला सांगून पाहत होती, पण ते आत उतरत नव्हतं. छातीत अजून तेच चाललेलं होतं. तिच्याच वाचण्यानं तिचा पाडाव झाला होता, आणि त्यात मिसेस साबोची चूक तरी काय? ती बाई पहिल्याच अर्ध्यात होती, जिथं स्वतः लुवीनिया आज दुपारपर्यंत होती. फुटपाथला लागून रॉडरिकची हिरवी प्लिमथ गाडी गुरगुरत उभी होती. तो जिंकला होता आणि त्याचं तोंड कडू झालं होतं.

“बसा. घरी सोडतो,” तो समोर बघत म्हणाला. “तुमच्याशी बोलणार मात्र नाही.”

“नको बोलूस,” ती म्हणाली आणि बसली.

दोन चौक गप्प गेले. तिसऱ्याला त्यानं स्टिअरिंगवर मूठ मारली. “पण तो कायदा उत्तरेकडच्यांनी मान्यच कसा केला? इथं ओहायोत दक्षिणवाल्यांना कोण विचारत होतं? मतं तर ह्यांच्याकडे जास्त होती!”

“जास्त होती? कशावरून?”

“लोकसंख्या जास्त होती ना!”

“पण सेनेटमध्ये लोकसंख्या कुठं मोजतात? दर राज्याला दोनच मतं. थांब, हे आहे यात. की नाही? मला नाही आठवत.” आणि खरंच तिला आठवत नव्हतं, आणि त्या न आठवण्यानं तिच्या अंगावर शहारा आला. तिनं पुस्तक उघडलं. चेस्टर अ‍ॅव्हेन्यूचा सिग्नल लाल होता. रॉडरिकनं मान वाकडी करून पानात डोकं घातलं.

“हे काय! उत्तरेला कॅलिफोर्निया दिली म्हणून दक्षिणेला हा कायदा? देवघेव? माणसांच्या बदल्यात सोनं?” तो ओरडला. “आणि हे इतक्या थंडपणे लिहितो हा? वरची ओळ बघा, वरची ओळ! इथं हा म्हणतो, सगळ्या देशानं सुस्कारा सोडला. कुठल्या देशानं? बघू, पुढं काय... अहो, हात काढा तुमचा.”

“सावकाश. फाटेल.”

“हे आज माझ्याकडे राहू दे.”

“मुळीच नाही.” तिनं पुस्तक ओढून घेतलं. “मला अजून यादवी युद्धापर्यंत पोचायचंय.”

“मिस लुवीनिया, असं काय करता! दोन दिवस.”

“उद्यापासून प्रत्येक शाळेतून ढिगानं बाहेर फेकतील, तुझ्याच कृपेनं. उचल एक.”

“पण ती नवी. त्यात ते वाक्य नाही!”

“भांडायला त्यातही पुष्कळ आहे,” ती म्हणाली. “तीसेक उचल. एका वर्गाला पुरतील.”

तो तिच्याकडे बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला होता, मागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते, कुणीतरी खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होतं. “डिकीत मावतील तीस?” तो म्हणाला, आणि गाडी सुरूच आहे हे विसरून त्यानं पुन्हा किल्ली फिरवली, तशी प्लिमथनं कर्कश्श दात खाल्ले.